शिंकांचा हिशेब : ॲलर्जिक सर्दीच्या गोळीची चाचणी, पायरीपायरीने

रक्तदाबाची गोळी लागू पडली का, ते दंडाला पट्टा गुंडाळला की कळतं. मधुमेहाच्या औषधाचं उत्तर रक्ताचा थेंब देतो. ॲलर्जिक सर्दीचं तसं नाही. चोंदलेल्या नाकातून हवा किती जाते हे एक वेळ मोजता येतं, पण सकाळी उठल्यावर नाकात सुटलेली खाज 'थोडी' होती की 'बरीच', हे सांगणारं उपकरण नाही. ते उपकरण म्हणजे स्वतः रुग्ण आणि त्याच्या हातातली डायरी. अँटीहिस्टामाइनच्या, म्हणजे शिंका-खाज आणणाऱ्या हिस्टामाइन या शरीरातल्या रसायनाला अडवणाऱ्या गोळीच्या, चाचणीतला प्रत्येक नियम, अगदी निरर्थक वाटणारासुद्धा, या एका उपकरणाला धक्का लागू नये म्हणून असतो. हे ध्यानात धरलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मी काही वर्षं पुण्यात अशा चाचण्यांमध्ये समन्वयक म्हणून काम केलं. रुग्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, गोळी खरी आहे की खोटी?" ज्यांच्या हातात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी संमतिपत्र ठेवलंय त्यांच्यासाठी, आणि या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

पायरी १ : सर्दी कोणती, ते आधी ठरवा

सगळ्या शिंका सारख्या नसतात. युरोप-अमेरिकेत गवताच्या किंवा रॅगवीडच्या परागकणांचा मोसम ठरलेला असतो. तो आला की लाखो नाकं एकदम वाहू लागतात आणि संपला की थांबतात. अशा मोसमी सर्दीसाठी साधारण दोन आठवड्यांची चाचणी पुरते. बारमाही सर्दीसाठी, म्हणजे घरातल्या धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), झुरळं, मांजर-कुत्रा यांच्या ॲलर्जीसाठी, चार आठवडे धरतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच कालावधी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २००१ मध्ये आलेल्या 'एरिया' मार्गदर्शिकेने वेगळी विभागणी केली: त्रास आठवड्यातून चार दिवसांपेक्षा कमी किंवा सलग चार आठवड्यांपेक्षा कमी असेल तर अधूनमधूनचा, आणि दोन्ही मर्यादा ओलांडल्या तर सततचा. आपल्याकडे ही विभागणी जास्त चपखल बसते असं मला वाटतं. गाजरगवताचे पराग आहेतच, पण पुण्या-मुंबईच्या बहुतेक रुग्णांचा खरा वैरी गादीत, उशीत आणि गोधडीत राहतो. दमट हवा माइट्सना मानवते. मग गणपतीच्या तयारीला माळा आवरायला काढला की घरातला एक जण शिंकून शिंकून बेजार होतो. तो आमचा उमेदवार.

पायरी २ : रुग्णाआधी निरोगी माणूस

प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या की औषध पहिल्यांदा निरोगी स्वयंसेवकांना देतात. आधी अगदी लहान मात्रा, मग चढती. आधी एकदाच, मग रोज. रक्तात औषध किती वेळात चढतं, किती वेळ टिकतं, जेवणाने फरक पडतो का, हे इथे कळतं. बिलास्टिन हे या गटातलं औषध रिकाम्या पोटी का घ्यायचं, याचं उत्तर याच टप्प्यातलं आहे: अन्नासोबत घेतलं तर ते कमी शोषलं जातं. फेक्सोफेनाडिन या दुसऱ्या अँटीहिस्टामाइनचंही तसंच. संत्रं, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटच्या रसासोबत घेतलं तर औषध आतड्यातून नीट आत जात नाही. उपवासाच्या दिवशी फळांच्या रसासोबत गोळी गिळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

याच टप्प्यात एक साधी पण सुंदर चाचणी होते. हातावर हिस्टामाइनचा थेंब टोचला की गांधी उठते आणि भोवती लाली पसरते. औषध घेण्याआधी आणि घेतल्यानंतर ठराविक तासांनी तिची कड पेनाने आखून क्षेत्रफळ मोजतात. औषध एच-वन ग्राहीवर, म्हणजे पेशीवर हिस्टामाइन जिथे चिकटतं त्या जागेवर, बसलं असेल तर गांधी आक्रसते. मात्रा ठरवायला हे उपयोगी. पण गांधी दाबणारं औषध नाकालाही तितकाच आराम देईल असं नाही. नाकात हिस्टामाइनशिवाय ल्युकोट्राइनसारखी इतर रसायनंही उद्योग करत असतात. जाहिरातीत गांधीचे आलेख दाखवून 'सर्वांत शक्तिमान' म्हणणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच पाहते.

आता हृदयाचं. इथे थोडं थांबायला हवं, कारण या औषधांच्या चाचणीचे नियम एका अपघाताने बदलले. टर्फेनाडिन १९८५ मध्ये अमेरिकेत आलं. झोप न आणणारी अँटीहिस्टामाइन म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते भरपूर खपलं. १९९० मध्ये ३९ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. टर्फेनाडिन सुरू असताना तिने किटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषधही घेतलं आणि तिच्या हृदयाचा ठेका जीवघेण्या पद्धतीने बिघडला. कारण पुढे उलगडलं. यकृतातलं सीवायपी-३ए-४ हे विकर (एन्झाइम) टर्फेनाडिनचं झटपट रूपांतर करतं, म्हणून रक्तात मूळ औषध जवळजवळ उरतच नाही. किटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिनने ते विकर अडवलं की मूळ औषध साचतं आणि हृदयाच्या पेशींमधली पोटॅशियमची वाट बंद करतं. ईसीजीवर क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्याचा विद्युत-संदेश सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबतं. १९९८ मध्ये टर्फेनाडिन अमेरिकी बाजारातून गेलं, १९९९ मध्ये त्याच वाटेने ॲस्टेमिझोल. टर्फेनाडिनचं शरीरात जे रूपांतर होत होतं, ज्यामुळे सर्दी थांबत होती आणि हृदयाला धोका नव्हता, तेच फेक्सोफेनाडिन म्हणून आपण आज विकत घेतो.

२००५ पासून आंतरराष्ट्रीय नियमावलीत क्यूटीचा स्वतंत्र, बारकाईचा अभ्यास आला. त्यात एका गटाला मुद्दाम मॉक्सिफ्लॉक्सासिन देतात. हे प्रतिजैविक क्यूटी थोडं लांबवतं हे आधीच माहीत आहे. तेवढी लांबण अभ्यासात दिसली नाही तर मोजमापच गंडलंय असं समजायचं. नव्या औषधाने अंतर सरासरी ५ मिलिसेकंदांच्या आसपासच वाढलं आणि आकडेशास्त्रीय वरची मर्यादा १० च्या आत राहिली, तर जीव भांड्यात पडतो.

पायरी ३ : परवानगी, समिती, नोंदणी

भारतात 'नवीन औषधे आणि चिकित्सा चाचण्या नियम, २०१९' लागू आहेत. औषध नवं असेल तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागते. प्रत्येक रुग्णालयात नीतिमत्ता समितीची मान्यता वेगळी. समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यात एक वैद्यकाबाहेरचा सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ आणि किमान एक स्त्री हवी, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. सामान्य नागरिकाचं आसन शोभेचं समजू नका. संमतिपत्रातलं अगम्य मराठी सर्वांत आधी तोच पकडतो. "हे वाक्य मला कळलं नाही, तर माझ्या आईला काय कळणार?" असं एका बैठकीत ऐकल्यावर आम्ही अख्खं पान नव्याने लिहिलं होतं.

पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत टाकावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. मुख्य निष्कर्ष कशावर काढणार हे तिथे आधीच लिहिलेलं असतं. त्यामुळे मागाहून सोयीचा आकडा पुढे करता येत नाही.

संमतिपत्र हातात आलं की हे शोधा: त्रास झाला तर उपचार कोण करणार? नियमाप्रमाणे चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई मिळायला हवी. मध्येच सोडता येतं का? केव्हाही, कारण न सांगता, आणि त्याने तुमच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. त्रास सोसवला नाही तर कोणतं औषध घ्यायची मुभा आहे? रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. घरी नेऊन वाचते म्हणालात आणि कोणी तोंड वाकडं केलं, तर तिथे सही करू नका.

पायरी ४ : नाक निवडणं

सर्दी ॲलर्जीचीच आहे हे सिद्ध करावं लागतं. त्वचेवर ॲलर्जिनचे थेंब ठेवून टोचतात. शेजारी हिस्टामाइनचा एक आणि साध्या द्रावणाचा एक. १५ ते २० मिनिटांनी माइटची गांधी साध्या द्रावणाच्या गांधीपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर उमेदवार पुढे सरकतो. हिस्टामाइनच्या जागी काहीच उठलं नाही, तर समजायचं की या माणसाने अँटीहिस्टामाइन घेतलीय. "नाही हो, काही नाही घेतलं," असं तो सांगतो. मग आठवतं की परवा खोकल्याचं औषध घेतलं होतं. त्यात क्लोरफेनिरामाइन असतं, आणि तीही अँटीहिस्टामाइनच.

म्हणून आधी औषधं बंद ठेवण्याचा काळ असतो. अँटीहिस्टामाइन साधारण आठवडाभर, नाकातले स्टेरॉइड फवारे सहसा दोन आठवडे, पोटातून घेतलेली स्टेरॉइड त्याहून जास्त. चाचणीतला हा सगळ्यात त्रासाचा काळ, आणि तो आधीच स्पष्ट सांगावा. बाटलीतले नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्महिने वापरणारे लोक निवडीतच गळतात. त्यांचं नाक त्या थेंबांमुळेच चोंदलेलं असतं. नाकात पॉलिप (मऊ गाठ) असलेले, 'नाकाचं हाड' फार वाकडं असलेले, गेल्या काही दिवसांत ताप-पडसं झालेले, दमा आटोक्यात नसलेले, गरोदर स्त्रिया, इतक्यातच ॲलर्जीची इंजेक्शनं सुरू केलेले, हेही बाहेर.

पायरी ५ : गोळी सुरू होण्याआधीचे दिवस

पात्र ठरलात तरी लगेच औषध मिळत नाही. काही दिवस प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी देतात आणि डायरी भरायला सांगतात. डायरीत लक्षणांना गुण द्यायचे असतात: त्रास जास्त, तर गुण जास्त. यात दोन गोष्टी कळतात. एक, तुम्हाला पुरेसा त्रास आहे का? त्रासच कमी असेल तर औषधाला कमी करायला काही उरत नाही. दोन, तुम्ही डायरी भरता का? ज्यांच्या शिंका नुसत्या गोळीच्या भरवशावर पळतात, ते इथेच कळतात. हसू नका, असे बरेच असतात. डॉक्टरांनी वेळ देऊन ऐकलं, कोणी रोज चौकशी केली, की गुण कमी होतात.

एक खास आपल्याकडची सूचना नव्या समन्वयकांना: चार आठवड्यांचं वेळापत्रक दिवाळीवर येऊ देऊ नका. घराची झाडलोट झाली की धूळ एकदम वाढते आणि मग एकदम कमी होते. गुण औषधाने घटले की केरसुणीने, हे सांगता येत नाही. रुग्णांनीही त्या महिन्यात नवी गादी, नवा पाळीव प्राणी किंवा रंगकाम काढू नये.

पायरी ६ : वाटणी आणि झाकपाक

कोणाला कोणती गोळी, ते संगणकाने काढलेल्या यादीवरून ठरतं. डॉक्टरांना माहीत नसतं, मला माहीत नसायचं, तुम्हालाही नसतं. सहसा तीन गट असतात: नवं औषध, सेटिरिझिनसारखं जुनं औषध, आणि प्लासिबो. प्लासिबो का, हा रास्त प्रश्न आहे. या सर्दीने जीव जात नाही, चार आठवड्यांचा त्रास सोसवतो, आणि प्लासिबोचा परिणाम इतका मोठा असतो की त्याच्याशिवाय दोन औषधं सारखीच चांगली की सारखीच निरुपयोगी, हे कळणारच नाही.

माणसं किती लागतात, त्याचा हिशेब असा. समजा दोन गटांत ०.८ गुणांचा फरक पकडायचाय आणि गुणांचं विचलन, म्हणजे माणसागणिक पसारा, २.५ आहे. नसलेला फरक दिसण्याचा धोका ५ टक्के (दुहेरी पातळी) आणि असलेला फरक पकडण्याची शक्यता ९० टक्के (शक्ती) धरली, तर त्यातून येणारा १०.५ हा आकडा गुणिले २, गुणिले २.५ चा वर्ग, भागिले ०.८ चा वर्ग. उत्तर २०५ च्या वर, म्हणजे गटात २०६. दहा टक्के लोक सोडून जातील असं धरलं तर २२९. फरक १ गुणाचा अपेक्षित असता तर १३२ पुरले असते. फरक जितका बारीक, तितकी गर्दी वाढते.

पायरी ७ : डायरी

चार लक्षणं: नाक गळणं, शिंका, नाकात खाज, नाक चोंदणं. प्रत्येकाला ० ते ३. शून्य म्हणजे नाही. एक म्हणजे आहे, पण तिकडे लक्ष जात नाही. दोन म्हणजे त्रास होतो, पण सोसवतो. तीन म्हणजे सोसवत नाही, काम किंवा झोप बिघडते. एकूण जास्तीत जास्त १२. सकाळी आणि संध्याकाळी भरायचं, आणि दर वेळी दोनदा विचार करायचा: गेल्या बारा तासांत कसं होतं, आणि आत्ता या क्षणी कसं आहे. सकाळी गोळी घेण्याआधीचं 'आत्ता' फार मोलाचं असतं. कालच्या गोळीचा जोर चोवीस तास टिकला का, ते त्यातच दिसतं. चोंदणं या लक्षणावर पोटातून घेतलेल्या अँटीहिस्टामाइनचा प्रभाव तोकडा पडतो, म्हणून काही चाचण्यांत ते वेगळं धरतात. निष्कर्ष वाचताना एकूण गुण तीन लक्षणांचे की चारांचे, ते आधी बघा.

भाषेचा घोळ इथे होतो. सोलापूरच्या एक आजी म्हणाल्या, "नाक चुरचुरतंय." ही खाज की जळजळ? दुसरे काका नाक चोंदलं की त्याला "पडसं" म्हणायचे आणि गळलं तरी "पडसंच". म्हणून डायरीचं मराठी आधी भाषांतरित करून, पुन्हा उलट भाषांतरित करून, आणि मग खऱ्या रुग्णांना वाचायला देऊन पक्कं करतात. समन्वयकाने रुग्णाच्या वतीने शब्द निवडायचा नाही. "दोनच लिहा की," असं चुकूनही म्हणायचं नाही.

आणि वेळ. कागदी डायरीतली सगळी पानं एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने, एकाच दमात भरलेली मी पाहिलीत. जिन्यात बसून भरली होती, शाई ओली होती. यात नवल नाही. अमेरिकेत जुनाट वेदनांच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदी डायरीच्या फायलीत प्रकाश ओळखणारा छुपा संवेदक बसवला होता. रुग्णांच्या नोंदींप्रमाणे ९० टक्के वेळा डायरी वेळेवर भरली होती. प्रत्यक्षात ११ टक्के. म्हणून आता फोनवरच्या डायऱ्या आहेत, ज्या ठराविक वेळेनंतर बंद होतात. एखादी वेळ चुकली तर चुकली म्हणून सोडून द्या. रिकामी जागा आकडेशास्त्रज्ञ सांभाळून घेतात. आठवून भरलेला आकडा मात्र कोणाला ओळखू येत नाही आणि तोच घात करतो.

पायरी ८ : किती लवकर, किती वेळ

घरच्या डायरीवरून गोळी किती मिनिटांत लागू पडली हे कळत नाही. त्यासाठी बंद दालनं आहेत. ऑस्ट्रियात व्हिएन्नाचं, कॅनडात किंग्स्टनचं प्रसिद्ध आहे. मोसम नसताना स्वयंसेवकांना आत बसवून हवेत मोजून परागकण सोडतात आणि ठराविक मिनिटांनी गुण लिहून घेतात. व्हिएन्नात अशाच एका चाचणीत बिलास्टिन, सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन आणि प्लासिबो हे चारही आळीपाळीने त्याच लोकांना दिले. बिलास्टिनचा परिणाम तासाभरात दिसला. पहिल्या दिवशी तिन्ही औषधं सारखीच. दुसऱ्या दिवशी, गोळीनंतर २२ ते २६ तासांनी, फेक्सोफेनाडिन मागे पडलं. दालनातली हवा आणि घरची हवा वेगळी, तेव्हा एवढ्यावर औषध ठरवू नये, पण वेळेच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही.

पायरी ९ : झोप

"गुंगी येते का?" असं विचारून भागत नाही. माणसाला वाटतं आपण टक्क जागे आहोत, पण हात चुकतात. नेदरलँड्समधली पद्धत मला सर्वांत पटते. औषध घेतलेल्या चालकाला खऱ्या महामार्गावर, ताशी ९५ किलोमीटरने, साधारण तासभर गाडी चालवायला लावतात. शेजारी दुहेरी ब्रेक असलेला प्रशिक्षक बसतो. गाडी आपल्या पट्ट्यात किती डुलते, ते कॅमेरा सेंटिमीटरमध्ये मोजतो. रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना ही डुलण साधारण २.४ सेंटिमीटरने वाढते, म्हणून औषधाची तुलना थेट त्या आकड्याशी करता येते. आपल्याकडे घाटात दुचाकी चालवणाऱ्यांनी चाचणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रिक्षाने यावं, एवढंच मी सांगायचे.

पायरी १० : डोकं दुखलं तरी सांगा

चाचणीच्या काळात झालेला कोणताही त्रास लिहायचा, औषधाशी संबंध वाटो न वाटो. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर तो गंभीर मानतात आणि डॉक्टरांना २४ तासांत तो औषध नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि नीतिमत्ता समितीला कळवावा लागतो. तशी वेळ आली तर पाकीट फोडून त्या एका रुग्णाची गोळी कोणती होती ते पाहता येतं. उरलेल्यांची शेवटपर्यंत झाकलेलीच राहते.

निकाल वाचताना सरासरीइतकंच दुष्परिणामांचं कोष्टकही बघा. मोसमी सर्दीच्या साडेसहाशेहून अधिक रुग्णांवरची एक युरोपीय चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बिलास्टिन २० मिलिग्रॅम आणि सेटिरिझिन १० मिलिग्रॅम दोघांनी प्लासिबोला मागे टाकलं, आपसात मात्र बरोबरी. फरक होता तो गुंगीत: ती बिलास्टिनच्या गटात कमी होती. 'नवं औषध सरस ठरलं' अशी बातमी आली की ते कशात सरस ठरलं, हे याच कोष्टकात सापडतं.

शेवटच्या भेटीला उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं परत न्या, ती मोजली जातात. सीटीआरआयचा क्रमांक लिहून घ्या. तुमच्या गोळीचं गुपित त्या दिवशी फुटणार नाही. सगळ्या केंद्रांवरचा शेवटचा रुग्ण संपून, नोंदी तपासून त्या कुलूपबंद झाल्यावरच वाटणीची यादी उघडते आणि त्याला महिने लागतात. माझ्याकडे एक रिक्षावाले दादा येत. चार आठवड्यांत त्यांचे गुण नऊवरून तीनवर आले होते आणि "ही गोळी मला कायमची लिहून द्या" म्हणून ते मागे लागले होते. यादी उघडल्यावर मी फोन केला. ते प्लासिबोच्या गटात होते. पलीकडे बराच वेळ शांतता, आणि मग एक शिंक.